ऑनलाइन मार्गदर्शक-जुळणी

ऑनलाइन मार्गदर्शक-जुळणी म्हणजे शिक्षण वा व्यवसायाच्या टप्प्यावर सल्ला हवा असलेली व्यक्ती आणि त्या क्षेत्रातील अनुभवी व्यक्ती यांची संकेतस्थळाच्या किंवा भ्रमणध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने गाठ घालून देण्याची पद्धत होय. अशा संकेतस्थळास किंवा ॲपला या लेखात ‘मंच’ म्हटले आहे. मंचावर दोन्ही बाजू आपापली माहिती नोंदवतात. त्या माहितीच्या आधारे जोडी सुचवली जाते आणि पुढील संवाद दूरध्वनी, दृक्‌श्राव्य भेट किंवा लेखी संदेशांद्वारे चालतो. काही मंच विनामूल्य व स्वयंसेवी स्वरूपाचे असतात, तर काहींवर प्रत्येक भेटीचे शुल्क आकारले जाते.

ज्यांच्या घरात, नात्यात किंवा गावात इच्छित क्षेत्रातील कोणीही नाही, अशा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरते. इतरांना जे काका-मामांकडून सहज कळते, ते त्यांना अनोळखी माणसाकडून मिळवावे लागते.

संज्ञा

मराठीत ‘मार्गदर्शक’ हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. शिकवणी घेणारे शिक्षक, परीक्षेसाठी उपयोगी पडणारे पुस्तक आणि समारंभातील वक्ता या सर्वांना तो लावतात. प्रस्तुत संदर्भात त्याचा अर्थ अधिक मर्यादित आहे. समुपदेशक हा कल-चाचण्या व अभ्यासक्रमांची माहिती यांच्या आधारे व्यवसाय म्हणून सल्ला देतो. शिक्षक विषय शिकवतो. मार्गदर्शक मात्र स्वतः चाललेल्या वाटेविषयी बोलतो आणि काही काळ सोबत राहतो. नोकरी मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि बहुतेक निराशेचे मूळ तेथेच असते.

इंग्रजीतून रूढ झालेला ‘मेंटॉर’ हा शब्द मुळात एक विशेषनाम आहे. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात ओडिसियस युद्धावर जाताना आपले घर मेंटॉर नावाच्या मित्राच्या हवाली करतो. पुढे अथेना देवी याच मेंटॉरचे रूप घेऊन ओडिसियसचा पुत्र टेलेमॅकस याला धीर देते. फ्रेंच लेखक फेनलाँ यांच्या १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलेमॅकसविषयक ग्रंथात मेंटॉरला गुरूचे प्रमुख स्थान मिळाले आणि त्यानंतर हे नाव सामान्यनाम म्हणून रूढ झाले.

पूर्वपीठिका

मार्गदर्शक लाभणे ही दीर्घकाळ योगायोगाची बाब होती. महाराष्ट्रातील याचे सर्वपरिचित उदाहरण कृष्णाजी अर्जुन केळूसकर आणि भीमराव आंबेडकर यांचे आहे. मुंबईच्या विल्सन हायस्कुलातील शिक्षक असलेल्या केळूसकरांना चर्नी रोड येथील बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी वारंवार दिसे. त्यांनी आपण होऊन त्याची चौकशी केली व त्याला पुस्तके दिली. १९०७ मध्ये आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यानंतरच्या सत्कारसभेत केळूसकरांनी त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकण्यातही त्यांचा वाटा होता. त्यातून मिळालेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकरांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या बागेत केळूसकर जात नसते तर काय झाले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. मराठवाड्याच्या दृष्टीने या घटनेला आणखी एक पदर आहे. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि तेथे मराठवाड्यातील पहिल्या पिढीचे असंख्य विद्यार्थी शिकले.

ओळखींचे महत्त्व समाजशास्त्रानेही मांडले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दुर्बल बंधांविषयीचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. जिवलग माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे. नवी माहिती, विशेषतः नोकरीविषयीची, दूरच्या ओळखींतून येते, असा त्याचा आशय आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील अभ्यासातही मध्यम स्वरूपाच्या दुर्बल ओळखी नोकरीबदलास अधिक साहाय्यक ठरल्याचे आढळले. गावात जिवलग माणसांची उणीव नसते. उणीव असते ती या दूरच्या ओळखींची, आणि जुळणीचे मंच तीच भरून काढू पाहतात.

करमाड परिसराचे उदाहरण

करमाड हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाव शहराच्या पूर्वेस जालना मार्गावर असून सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. कापूस व मका ही पिके घेणाऱ्या या पट्ट्यालगतच शेंद्रा औद्योगिक क्षेत्र आहे. स्कोडा कंपनीचा मोटार कारखाना तेथे आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग असलेल्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचा शेंद्रा विभागही येथेच असून ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या नगरीच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. ऑरिकचा दुसरा विभाग पैठण मार्गावरील बिडकीन येथे आहे.

अशा गावांतील विद्यार्थ्याची अडचण अंतराची नसते. कारखान्याचे प्रवेशद्वार त्याने पाहिलेले असते, तेथे कंत्राटी कामावर जाणारे शेजारीही त्याच्या परिचयाचे असतात. परंतु गुणवत्ता-नियंत्रण, आरेखन, स्वयंचलन किंवा मनुष्यबळ विभागात काम करणारे लोक बहुधा शहरात राहतात आणि कंपनीच्या बसने ये-जा करतात. गावाशी त्यांचा संबंध येत नाही. परिणामी पदविका घेतल्यावर नेमके कोणत्या पदावर लागतात, तीन वर्षांनी तो माणूस कोठे पोहोचतो, जपानी किंवा कोरियन कंपनीत भाषा आल्याने काही फरक पडतो का, असे साधे प्रश्नही विचारायला कोणी सापडत नाही. उलट ‘साहेबांची ओळख आहे, लावून देतो’ असे म्हणणारे मध्यस्थ मात्र सहज भेटतात.

जुळणीची पद्धत

जुळणी स्थूलमानाने तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात मार्गदर्शकांची सूची खुली असते आणि विद्यार्थी स्वतः शोध घेऊन विनंती पाठवतो. २०२० मध्ये सुरू झालेला, आरेखन क्षेत्रापासून वाढलेला ‘एडीपीलिस्ट’ हा आंतरराष्ट्रीय मंच या प्रकारचा आहे. दुसऱ्या प्रकारात संस्थेचा समन्वयक दोन्ही अर्ज वाचून जोडी ठरवतो. वधू-वर सूचक मंडळात अनुभवी कार्यकर्ता करतो त्यासारखेच हे काम आहे. तिसऱ्या प्रकारात संगणक दोन्ही बाजूंच्या उत्तरांची तुलना करून क्रमवार नावे सुचवतो.

जोड्या लावण्याचा गणिती पाया डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ मधील शोधनिबंधात आहे. दोन गटांतील प्रत्येकाने दुसऱ्या गटातील व्यक्तींना पसंतीक्रम दिला, तर जोड्या अशा लावता येतात की आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जावे असे दोघांना एकाच वेळी वाटणार नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांची रीत सोपी आहे. एका बाजूने पसंतीक्रमानुसार विचारणा करावी. दुसऱ्या बाजूने आलेल्यांपैकी सर्वांत योग्य त्याला तात्पुरते राखून इतरांना नकार द्यावा. नकार मिळालेल्यांनी पुढील पसंतीकडे वळावे. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीतील एक बारकावा विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. जी बाजू विचारणा करते, तिला अंतिम जुळणीत अधिक लाभ होतो. सूची खुली असलेल्या मंचांवर हे गणित जसेच्या तसे चालत नाही. तरीही कोणीतरी आपल्याला निवडील याची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतः विचारणे फायद्याचे, एवढा व्यवहार तेथेही लागू पडतो.

संगणकाची जुळणी भरलेल्या माहितीइतकीच चांगली असते. ‘क्षेत्र : अभियांत्रिकी, उद्दिष्ट : यशस्वी होणे’ अशा नोंदीवरून कोणतेही यंत्र किंवा माणूस योग्य नाव सुचवू शकत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील उपक्रम

केंद्रीय श्रम मंत्रालयाची राष्ट्रीय करिअर सेवा २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. नोकरीच्या जाहिरातींबरोबर समुपदेशकांची सोयही तिच्यात आहे. नवउद्योजकांसाठी स्टार्टअप इंडियाने १६ जानेवारी २०२३ रोजी ‘मार्ग’ हे मार्गदर्शक-जुळणीचे व्यासपीठ खुले केले. अरुंधती गुप्ता यांनी २००९ मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेली ‘मेंटॉर टुगेदर’ ही संस्था वंचित कुटुंबांतील तरुणांना मार्गदर्शक मिळवून देते. ‘मेंटॉर टू गो’ हे तिचे ॲप आहे. मराठवाड्यातील उद्योग-संघटना ‘सीएमआयए’च्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘मॅजिक’ ही संस्था छत्रपती संभाजीनगरमध्ये नवउद्योजकांना साहाय्य करते. मात्र तिचा रोख नोकरीपेक्षा उद्योग उभारणीवर आहे.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने युनिसेफच्या सहकार्याने २०२० मध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाकरिअर’ संकेतस्थळ सुरू केले. अभ्यासक्रम, महाविद्यालये व शिष्यवृत्त्या यांची माहिती त्यावर मिळते. माहिती आणि मार्गदर्शक यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कोणते अभ्यासक्रम आहेत हे संकेतस्थळ सांगते; त्यांतील कोणता आपल्या घरच्या परिस्थितीत झेपेल, याचे उत्तर माणसाकडूनच मिळते.

राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनचे काम खुल्या मंचाहून वेगळे, पण याच प्रश्नाशी थेट भिडणारे आहे. विदर्भातून आरंभ झालेली ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामवंत संस्थांतील उच्च शिक्षणासाठी तयार करते. त्यासाठी निवासी कार्यशाळा घेतल्या जातात आणि त्या संस्थांत शिकत असलेले किंवा शिकून बाहेर पडलेले तरुण मार्गदर्शक म्हणून जोडून दिले जातात. काल ज्याने अर्ज भरला तो आज दुसऱ्याचा अर्ज तपासतो.

योग्य मार्गदर्शकाची निवड

सर्वांत मोठ्या पदावरील व्यक्ती सर्वांत योग्य, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि बहुधा चुकीची आहे. उपाध्यक्षपदावरील व्यक्तीने नोकरीची पहिली मुलाखत पंचवीस वर्षांपूर्वी दिलेली असते. त्या वेळच्या प्रवेशपद्धती, चाचण्या आणि वेतनमान आज उरलेले नाहीत. प्रवेश, पहिली नोकरी किंवा शाखा-निवड यांसाठी पाच ते आठ वर्षे पुढे असलेली व्यक्ती अधिक उपयोगी पडते. ज्येष्ठ व्यक्तीचा उपयोग नंतर, क्षेत्र बदलताना वा जबाबदारी वाढताना होतो.

दुसरा निकष वाटेच्या साम्याचा आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्याचे प्रश्न पुष्कळदा अगदी स्थानिक असतात. पदविकेनंतर थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा की शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील उमेदवारी करावी; जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज केव्हा करावा; बार्टी, सारथी किंवा महाज्योती यांच्या प्रशिक्षण-योजनांचा लाभ कसा घ्यावा; वसतिगृह न मिळाल्यास शहरात खोली घेऊन राहणे परवडेल का. परदेशस्थ तज्ज्ञाला, किंवा आयुष्यभर महानगरात राहिलेल्या मराठी अधिकाऱ्यालाही, यांची उत्तरे ठाऊक नसतात. परभणीच्या किंवा धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून निघून पुण्यात कामाला लागलेल्या माणसाला ती असतात. म्हणून मंचावर शोध घेताना पदनामाआधी शिक्षणाचा रकाना पाहणे श्रेयस्कर.

भाषेचा निकष वरवर दुय्यम वाटतो. प्रत्यक्षात इंग्रजीत संभाषण करताना विद्यार्थी खरा प्रश्न विचारत नाही; जो प्रश्न इंग्रजीत मांडता येतो तोच विचारतो. मराठीत बोलण्याची तयारी दर्शवणारा मार्गदर्शक उपलब्ध असल्यास त्याला प्राधान्य द्यावे. मंचावर भाषेचा पर्याय नसल्यास विनंतीतच तसे लिहावे, त्यात संकोचण्याचे कारण नाही.

विनंतीचा मजकूर हा सर्व प्रक्रियेतील निर्णायक भाग होय. ‘सर, मला करिअरबद्दल मार्गदर्शन करा’ या संदेशाला उत्तर देणे सद्भावी माणसालाही अवघड जाते. खालील नमुना त्यामानाने उपयुक्त ठरेल :

“नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात यापूर्वी कोणी अभियांत्रिकी शिकलेले नाही. निकालानंतर माझ्यापुढे दोन पर्याय असतील : पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश किंवा शेंद्रा येथे शिकाऊ उमेदवारी. आपण हाच टप्पा ओलांडल्याचे आपल्या परिचयात वाचले. या निवडीविषयी शनिवारी सायंकाळी अर्धा तास मराठीत बोलता येईल का?”

यात स्थिती, पेच, याच व्यक्तीला विचारण्याचे कारण आणि मागितलेला वेळ या चारही गोष्टी आल्या आहेत. अशा विनंतीलाही उत्तर न येणे सामान्य आहे. दोन-तीन व्यक्तींना स्वतंत्रपणे लिहावे. मात्र एकच मजकूर नावे बदलून अनेकांना पाठवल्यास तो लगेच ओळखू येतो.

पहिली भेट ही परीक्षा नसते, तशी ती दोन्ही बाजूंना बांधूनही घेत नाही. मार्गदर्शक ऐकतो किती आणि बोलतो किती, ‘मला माहीत नाही’ असे म्हणू शकतो का, आणि स्वतःच्या चुका सांगतो का, यांवरून पुष्कळ उमगते. जुळले नाही तर आभार मानून दुसरी जोडी मागणे शिष्टाचाराला धरूनच आहे. मराठी विद्यार्थ्यांना हे जड जाते, कारण वडीलधाऱ्याला नकार देण्याची सवय नसते. बहुधा ते नकार न देता फोन उचलणे बंद करतात, आणि त्यामुळे तो मार्गदर्शक पुढच्या विद्यार्थ्यालाही दुरावतो.

संबंधाचा कालावधी

अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या मुलांवरील माहितीच्या आधारे जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांची प्रगती सर्वाधिक दिसली. जे संबंध अगदी थोड्या काळात तुटले त्यांतील मुलांचा आत्मविश्वास उलट घटला होता. हा अभ्यास प्रत्यक्ष भेटींचा आणि किशोरवयीन मुलांचा आहे, त्यामुळे प्रौढांच्या ऑनलाइन सल्ल्यास तो सरसकट लावता येत नाही. तरीही अर्धवट सोडून दिलेली सोबत निरुपद्रवी नसते, ही त्यातील सूचना मंचचालकांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे. किती जोड्या लावल्या याचे आकडे मंच अभिमानाने जाहीर करतात. त्यांतील किती तिसऱ्या भेटीपर्यंत टिकल्या हे क्वचितच सांगतात.

सुरक्षितता

दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये शासकीय शाळांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘देश के मेंटॉर’ ही योजना सुरू केली. १८ ते ३५ वयोगटातील स्वयंसेवकांनी ॲपवर नोंदणी करून विद्यार्थ्यांशी काही महिने दूरध्वनीवर बोलावे, अशी तिची रचना होती. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्रुटी दूर होईपर्यंत ती थांबवण्याची शिफारस केली. मुलांचा अनोळखी व्यक्तींशी संपर्क येतो, मनोमितीय चाचणी ही पोलीस-पडताळणीची जागा घेऊ शकत नाही आणि मुलीला स्त्री मार्गदर्शक दिल्याने सुरक्षितता आपोआप साधत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. या वादाला राजकीय बाजूही होती; परंतु उपस्थित झालेले प्रश्न कोणत्याही मंचाला लागू आहेत.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने पालकांच्या किंवा शिक्षकांच्या माहितीनेच नोंदणी करावी. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यातही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. संवाद मंचाच्या माध्यमातूनच व्हावा. आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा घरचा पत्ता देण्याचे मार्गदर्शनात कोणतेही प्रयोजन नसते. नोकरीसाठी ‘अनामत’ मागणारा माणूस मार्गदर्शक नव्हेच. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० आणि बालकांच्या अडचणीसाठी १०९८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

ग्रामीण मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो. घरातील भ्रमणध्वनी पुष्कळदा सामाईक असतो आणि तासभर कोणाशी बोलते आहे याचा जाब तिला द्यावा लागतो. पहिली भेट शाळेत, महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात शिक्षिकेच्या उपस्थितीत घडवून आणल्यास घरचा संशयही दूर होतो आणि मुलीला मोकळेपणाने बोलताही येते. काही वेळा अशा भेटीस आईनेही बसावे हे उत्तम, कारण शिक्षणासाठी मुलीला शहरात पाठवण्याचा निर्णय बहुधा तिच्या पाठिंब्यावर अवलंबून असतो.

मर्यादा

या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप असा, की ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे तेच तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मंच बहुतांशी इंग्रजीत आहेत. मार्गदर्शकांत संगणक, व्यवस्थापन व आरेखन या क्षेत्रांतील महानगरीय व्यक्तींचा भरणा असतो. परिचारिका, साखर कारखान्यातील रसायनज्ञ, कृषी सहायक, साचेकार किंवा न्यायालयातील लघुलेखक त्यांत शोधूनही सापडत नाहीत. सशुल्क मंचांवर ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच अधिक सल्ला मिळतो, आणि ओळखींची जुनी विषमता नव्या रूपात परत येते. याखेरीज मार्गदर्शक रिक्त जागा निर्माण करू शकत नाही, हेही उघड आहे.

यावर एक उपाय शाळांच्या हाती आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या सामान्य नोंदवहीत माजी विद्यार्थ्यांची नावे असतात. त्यांपैकी कोण कोठे काम करते याची यादी तयार केल्यास, गावाची भाषा आणि शाळेचे मैदान दोन्ही ओळखणारे मार्गदर्शक सापडू शकतात. अशा यादीसाठी ॲपची गरज नसते. एक वही, एक जबाबदार शिक्षक आणि दहावीच्या निकालानंतर येणारी जून महिन्यातील एखादी मोकळी दुपार एवढे आरंभास पुरते. मंचावरील दूरचा तज्ज्ञ आणि यादीतील जवळचा माजी विद्यार्थी हे दोघे वेगवेगळ्या प्रश्नांना उपयोगी पडतात. शेंद्र्यातील पाळीची वेळ, तेथपर्यंतचा प्रवास आणि हाती पडणारे वेतन हे दुसरा सांगतो, तर त्या उद्योगाची पुढील दहा वर्षांतील दिशा पहिला सांगू शकतो.